धारेची कुबडी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नववी पटाशीही गेली. बाबांना झटका आला त्या दिवशी सकाळी त्यांनी रोजच्यासारखी सगळी हत्यारं ग्राइंडरवर धरून, फडक्याने पुसून, फळीवर ओळीने लावून ठेवली होती. नऊ. गेले चार महिने मी ती एकेक करून, कंजूष माणसासारखी जपून वापरली. एक बोथट झाली की दुसरी. आज शेवटची लाकडावर नुसती घासायला लागली, भुसा पाडला, कड फाडली. घरात आता बाबांच्या हातची धार उरलेली नाही.

चौदा वर्षं मी या शेडमध्ये लेथवर उभी आहे. चौकोनी लाकूड गोल करण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं येतं मला. फक्त धार लावता येत नाही. ग्राइंडरला दुसऱ्या कुणी हात लावलेला बाबांना खपायचा नाही. ‘धार माझी, लाकूड तुझं,’ म्हणायचे. मलाही बरंच होतं, तेवढंच एक काम कमी. आता बस म्हणावं बोंबलत.

मिस्त्रींच्या जिन्याच्या कठड्याचे बत्तीस दांडे अठ्ठावीस तारखेला द्यायचे आहेत. झालेत सात. दादा म्हणाला, ‘महिनाअखेरपर्यंत बघ. नाही जमलं तर लेथ देऊन टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे.’ किती सहज म्हणाला! जुनी खुर्ची द्यायचीय जशी काही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हाताने धार लावून बघितली. बाबा पटाशी फिरत्या दगडावर टेकवायचे, मनगट एकदा डावीकडून उजवीकडे वळवायचे, झालं. मीही तेच केलं. पटाशीच्या टोकाला एकाच्या जागी पाच तोंडं, म्हणजे पाच वेगवेगळे उतार पडले आणि सहाव्या ठिकाणी पोलाद निळं पडलं. निळं पडलं म्हणजे जळलं, तेवढा तुकडा कामातून गेला.

वहिनी चहा घेऊन आली, पटाशी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, ‘वन्सं, हिने आता बटाटे सोलायचे का?’

हसू आलं नाही. बाबांना विचारावं, तर त्यांची वाचाच गेलेली. उजवी बाजू पूर्ण गेली, तोंडातून ‘हं’ आणि ‘अं’ याशिवाय काही येत नाही. डावा हात तेवढा चांगला आहे. व्यायाम करून घ्यायला येतात त्या बाईंनी खुणा ठरवून दिल्यात. एक बोट म्हणजे पाणी, दोन बोटं म्हणजे बाथरूम, मूठ म्हणजे नको. तीन शब्दांत चाललाय आमचा संसार. त्यात धार कशी लावायची हे कुठल्या बोटाने सांगणार ते!

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोबाइलवर एका माणसाने घरच्या घरी जिग करून दाखवलीय. जिग म्हणजे पटाशी धरून ठेवणारा सांगाडा. ग्राइंडरच्या दगडाखाली एक लाकडी दांडा पुढे काढायचा, त्याच्या टोकाला खळगा करायचा. पटाशी एका पकडीत आवळायची, पकडीची शेपटी त्या खळग्यात टेकवायची आणि पटाशी दगडावर डावी-उजवीकडे झुलवायची. दर वेळी कोन तोच राहतो. हाताचं कसब नको की काही नको. ‘अवघ्या दहा मिनिटांत,’ म्हणतो मेला.

सकाळी नऊला बसले. सागाचा एक तुकडा, जुन्या पलंगाचा बोल्ट, दोन वायसर, दाराची मोडकी कडी. दुपारी तीनला पकड झाली, तीसुद्धा वाकडी. बोटाला टाचणीएवढा पोलादाचा कण घुसलाय तो निराळाच.

वहिनी म्हणाली, ‘कुबडीच की ही! पटाशी लंगडतेय, तिला टेकायला.’ तेव्हापासून घरात कुबडीच म्हणतात. मी वहिनीला बजावलंय की बाबांसमोर या वस्तूचं नाव काढायचं नाही. पूर्वी एक जण अशीच विकतची जिग घेऊन शेडमध्ये आला होता, तर बाबा दोन दिवस त्याच्या नकला करून हसत होते. ‘ज्याला हात नाहीत त्याने लेथवरचा कातारी व्हावंच कशाला,’ म्हणाले होते. त्यांच्या पोरीने तीच कुबडी करावी हे त्यांना नाही बघवणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

कुबडी दगडाला लावली. पहिल्या मिनिटाला नट सैल झाला. आवळला. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा सैल. ग्राइंडर थरथरतो आणि नट आपला हळूहळू उलटा फिरत बसतो. दोन वायसर घातले, सुतळी गुंडाळली, डिंक लावला. डिंकाने नट असा बसला की सोडवताना बोल्टच तुटला.

रागारागाने ग्राइंडर बंद केला तर घरातून वहिनीची हाक, ‘बाबांना न्यायचंय!’ हात पुसत धावले. दोघींनी उचलून नेलं, बसवलं, पंधरा मिनिटं थांबलो, काही नाही. परत आणून पलंगावर टेकवतोय तोवर पुन्हा दोन बोटं वर. वहिनी म्हणाली, ‘हे सकाळपासून चौथ्यांदा.’ मी म्हटलं, ‘बाबा, मला काम करू देणार आहात का?’ नव्हतं बोलायला हवं. त्यांनी मूठ दाखवली. ही मूठ कशाला नको म्हणत होती कोण जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी म्हणून दादा टेप घेऊन शेडमध्ये आला. लांबी मोजली, रुंदी मोजली, भिंतीवर खडूने रेघा मारल्या. इथे पलंग, इथे बाथरूम. म्हणे बाबांना हॉलमध्ये किती दिवस ठेवायचं, चारचौघांत, पडदा लावून. रस्त्यावरून येणारा-जाणारा खिडकीतून डोकावतो. शेड रिकामी झाली तर त्यांना स्वतःची खोली होईल आणि बाथरूम दोन पावलांवर. ‘दिवसातून सात-आठ वेळा उचलतोय आपण त्यांना. माझी पाठ बघ. तुझी बघ. तुझ्या वहिनीचं तर विचारूच नको.’

तो चुकीचं काहीच बोलत नाहीये, हाच तर वैताग आहे. खलनायक असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी एवढंच म्हटलं, ‘अठ्ठावीसपर्यंत म्हणाला होतास.’

‘हो गं बाई, अठ्ठावीसपर्यंत.’ मग जाता जाता त्याने लेथवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. लहानपणी त्यालाही लेथ आवडायचा, पण बाबांचं आणि त्याचं कधी पटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी कुबडी. या वेळी शिसवीची, आणि नटावर दुसरा नट घातला. एकावर एक दोन नट आवळले की हलत नाहीत हे सुचायला मला चार दिवस लागले. शहाणी मी!

कुबडी हलत नाही, झुलते छान, ठिणग्या सरळ रेषेत येतात. पटाशीला एकसारखं गुळगुळीत तोंड आलं. एवढा आनंद झाला की मी शेडमध्ये एकटीच ‘वा वा’ म्हणाले. मग लेथ चालू केला, पटाशी लाकडाला लावली आणि ती आत घुसली ती घुसलीच. दांड्याचा लचका तोडला. कोन फार निमुळता झाला होता. पकडीतून पटाशी बरीच बाहेर काढून आवळली होती. मग कमी बाहेर काढली, तर तोंड इतकं जाड झालं की कापेचना. पुन्हा जास्त, पुन्हा कमी. किती बाहेर काढायची हेच कळत नाही. व्हिडिओतला माणूस म्हणतो ‘आपापल्या पटाशीप्रमाणे’. अरे, तेच तर विचारतेय ना मी!

दर प्रयोगाला थोडं पोलाद झिजतं. मोठी गोल पटाशी बोटभर आखूड झाली.

आणि बाबांचं एक नवीनच. मी ग्राइंडर बंद केला की यांचं सुरू. बरोबर त्याच क्षणाला दोन बोटं. वहिनी म्हणते, त्या आवाजाने त्यांना लागत असेल. असेल बाई. माझा तर त्या आवाजाने जीव जातो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस लिहूच नये असा आहे.

दादा घरी होता. मी सकाळपासून ग्राइंडरवर. चार वेळा बंद केला, चार वेळा बाबांनी बोटं दाखवली, चार वेळा दादाने त्यांना उचलून नेलं, चारही वेळा काही नाही. पाचव्या वेळी दादाच्या कमरेत चमक भरली. तो भिंत धरून खाली बसला आणि ओरडला, ‘बाबा, चेष्टा चालवलीय का आमची?’

बाबांनी बोटं खाली नाही घेतली. तशीच धरून दादाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. दादाने त्यांचा हात धरून चादरीवर दाबून ठेवला. अगदी जोराने नाही, पण दाबला. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी शेडमध्ये गेले आणि कुबडी भिंतीवर भिरकावली. भिंतीवर दादाने खडूने ‘बाथरूम’ लिहिलंय, नेमकी तिथेच लागली. शिसवी चांगली निघाली, मोडली नाही. मला वाटतं दादाचं बरोबर आहे. माझ्या हौसेपायी बाबांनी परक्यासारखं हॉलमध्ये पडून राहावं का?

१६ फेब्रुवारी, रविवार

शेड उघडलीच नाही. कपडे धुतले, वहिनीला स्वयंपाकात मदत केली. तिने मला बाहेर काढलं, म्हणाली तोंड बघून दूध नासेल.

बाबांना दिवसभरात फक्त दोनदा न्यावं लागलं, दोन्ही वेळा खरंच. शहाण्यासारखे वागले. डॉक्टरांनी शुक्रवारी गोळी बदलली तिचा गुण दिसतोय. दादाची कमर शेकली. जेवण मात्र बाबांचं अर्ध्यावर आलंय, गिळायला त्रास होतो. वहिनी सगळं पातळ करून भरवते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

काल-परवा पुन्हा शेड उघडली, कारण मिस्त्रींचा फोन आला. ‘ताई, होतंय ना? नसेल होत तर आत्ताच सांगा, मी लोखंडी कठडा बसवतो.’ लोखंडी म्हणाल्यावर डोकं सणकलं. होतंय म्हटलं. सोमवारी आणि मंगळवारी मिळून तीन दांडे केले, तेही पॉलिश पेपरने घासून घासून. आणि बाबांची ती चेष्टा दोन्ही दिवस पुन्हा सुरू. म्हणजे गोळीचा गुण दोन दिवसही टिकला नाही.

आज दुपारी वहिनी औषधं आणायला गेली. बाबांजवळ कुणीतरी बसायला हवं, म्हणून मी कुबडी आणि पटाशी घेऊन हॉलमध्ये आले. पकडीच्या आतली बाजू कानशीने घासायची होती. बाबांकडे पाठ करून बसले, दिसू नये म्हणून. पण कानशीचा आवाज लपतो थोडाच. मागून ‘अं’ आला. वळले तर बाबा कुबडीकडे बघतायत.

म्हटलं, झालं. आता तोंड फिरवतील. मीच आधी बोलून टाकलं, ‘हो, कुबडीच आहे. मला नाही जमत हाताने. हसा हवं तर.’

हसले नाहीत. दोन बोटं दाखवली.

मी रडायचीच बाकी होते. ‘बाबा, वहिनी नाहीये. मी एकटी कशी उचलू तुम्हाला?’ मूठ. पुन्हा दोन बोटं. पुन्हा मूठ. ‘न्यायचंय की नाही?’ मूठ. दोन बोटं. मूठ. मी ओरडले, ‘एक काय ते ठरवा!’

तेव्हा त्यांनी हात लांब केला आणि माझ्या मांडीवरची पटाशी ओढली. घाबरले मी, हात कापेल म्हणून. त्यांनी पटाशीच्या टोकाजवळ पोलादावर दोन बोटं आडवी ठेवली. पहिलं धारेच्या लगत, दुसरं त्याला चिकटून. आणि दुसऱ्या बोटाच्या कडेशी, जिथे पकड यायला हवी, तिथे अंगठ्याने टकटक केलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टकटक.

दोन बोटं बाहेर!

मला आठवलं. बाबा धार लावायचे तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं पटाशीवर धारेलगत असायची आणि त्याच बोटांची पाठ ते ग्राइंडरच्या टेकूला घासत न्यायचे. चौदा वर्षं समोर बघितलं. मला वाटायचं, नुसता धरायचा ढंग आहे. ते माप होतं.

म्हणजे इतके दिवस हे पलंगावरून माझ्या ग्राइंडरचा आवाज ऐकत होते. आवाजावरून त्यांना कळायचं की कोन चुकला. मी बंद केला की लगेच सांगायचे, दोन बोटं, दोन बोटं. आणि आम्ही त्यांचा पायजमा सोडून त्यांना बाथरूममध्ये बसवत होतो. दिवसातून सहा-सहा वेळा. आणि त्यांना बाथरूमला सोपं जावं म्हणून शेड रिकामी करायला निघालो होतो.

दादाला सांगितलं. तो बाबांच्या पलंगावर जाऊन बसला आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला. बाबांना त्यात काही गोडी नसावी. त्यांनी हात सोडवून एक बोट दाखवलं. दादा पाणी आणायला उठला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एवढं सगळं होऊनही कापत नाही ते नाहीच!

सकाळी माझी दोन बोटं ठेवली, पटाशी तेवढी बाहेर काढली, पकड आवळली, धार लावली. तोंड जाड. लाकूड कापण्याऐवजी खरवडतं. चार वेळा केलं. मनात नको नको ते आलं. वाटलं बाबांना भ्रम झालाय, आजाराने डोक्यातलं माप पुसलं गेलंय आणि मी त्यावर उड्या मारतेय. वहिनी म्हणाली, ‘वन्सं, ओरडता काय एकट्याच? त्यांनाच विचारा ना परत.’

गेले. ‘हे बघा, दोन बोटं!’ म्हणून माझी बोटं पटाशीवर ठेवून दाखवली. बाबांनी बघितलं आणि त्यांच्या घशातून असा काही आवाज आला की मला वाटलं ठसका लागला. हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

चाळीस वर्षं लाकूड धरलेली बोटं ती, गाठी पडून रुंद झालेली. माझी म्हणजे त्यापुढे भेंडी. पट्टी आणून मोजलं. बाबांची दोन बोटं चव्वेचाळीस मिलिमीटर. माझी चौतीस. एका बोटाची जवळजवळ निम्मी जाडी मी हरवत होते आणि वर त्यांनाच भ्रमिष्ट ठरवत होते!

त्यांच्या बोटांवर पटाशी आवळली. ग्राइंडरचा सूर निराळाच लागला, किरकिर नाही, एकसंध. ठिणग्या धारेवरून वर आल्या. लेथवर लाकडाच्या लांबलचक साली निघाल्या, मनगटावर गुंडाळता येतील अशा. ग्राइंडर बंद केल्यावर मी कान देऊन थांबले. घरातून कुणाची हाक आली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बत्तीसच्या बत्तीस दिले. शेवटच्या आठवड्यात पाठीचं भुस्काट झालं, पण दिले. मिस्त्रींनी एकेक दांडा हातात घेऊन डोळ्यापुढे धरला, वाकडा सापडतोय का बघत. सापडला नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

दादाने स्वतःहून खडूच्या रेघा पुसल्या. म्हणाला, ‘दिवसातून दोनदाच न्यायचं तर हॉल काय वाईट आहे? बाहेरच्या खिडकीला दुधी काच घालू, म्हणजे झालं.’ व्यायामाच्या बाईंनी खूणही बदलून दिली. आता बाथरूमला पंजा दाखवायचा. दोन बोटं फक्त धारेची.

पटाशी दर वेळी थोडी झिजते, त्यामुळे माप दर वेळी नव्याने घ्यावं लागतं. रोज सकाळी मी पटाश्या घेऊन बाबांपुढे उभी राहते, ते बोटं ठेवतात, मी पकड आवळते. आज मिस्त्री बघत होते. म्हणाले, ‘ताई, तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा कापून ठेवा ना. रोज कशाला आत-बाहेर?’ मी म्हटलं, ‘तुम्ही तुमचे जिने बघा.’

१७ मार्च, सोमवार

पुन्हा तेच रडगाणं. चार दिवस झाले, कड फाटतेय. जरा जाड कापतंय. नवीन कामाच्या खुर्च्यांचे पाय आहेत, त्यांना एवढंसुद्धा चालत नाही. नट तपासले, घट्ट. खळगा झिजला असेल म्हणून त्यात पत्रा बसवला. ग्राइंडरचा दगड घासून सपाट केला. तरी तेच. वहिनीवर उगाच चिडले. ती म्हणाली, ‘आधी जेवा, मग कुबडीला शिव्या द्या.’ तीच बिचारी बाबांना तीन चमचे भरवायला तासभर बसली होती.

२२ मार्च, शनिवार

सगळी कुबडी सुटी करून पुन्हा बांधली. पट्टीने एकेक भाग मोजला. कुबडीत काडीची चूक नाही. मग सहज, काही करायचं राहिलं नाही म्हणून, सकाळी बाबांच्या बोटांवर आवळलेली पटाशी मोजली. एक्केचाळीस.

पट्टी चुकली म्हणून दुसरी आणली. एक्केचाळीस.

बाबा बारीक होतायत. मी रोज सकाळी त्यांची बोटं हातात घेते आणि मला दिसलं नाही. पटाशीला दिसलं.

शेडमध्ये जाऊन चव्वेचाळीसचा ठोकळा कापला. पाच मिनिटांचं काम. कापताना इतका राग येत होता, कुणाचा ते सांगता येत नाही. डॉक्टरांचा, त्या पातळ जेवणाचा, माझा.

२४ मार्च, सोमवार

ठरवलंय असं: सकाळी माप बाबांकडूनच घ्यायचं. मग शेडमध्ये येऊन, दार लावून, पकड सैल करून ठोकळ्याने दुरुस्त करायचं. त्यांना कशाला कळायला हवं? धार बरोबर लागते, सूर बरोबर येतो, ते पलंगावरून ऐकतात आणि ‘हं’ म्हणतात. वहिनी म्हणाली, मला लबाडी शोभत नाही, चेहऱ्यावर दिसते. मी म्हटलं, त्यांची नजर पटाशीवर असते, माझ्या चेहऱ्यावर नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी नेहमीसारख्या पटाश्या घेऊन गेले. बाबांनी दोन बोटं ठेवली. मी पकड सरकवून आवळायला घेतली तर ‘अं’ म्हणाले. थांबले. त्यांनी आपल्या बोटांकडे बराच वेळ बघितलं. मग तिसरं बोट हळूहळू, नेम धरून, दोन बोटांच्या शेजारी धारेलगत आणून पोलादावर त्याची नुसती कड टेकवली. अंगठ्याने पकड तिथवर ढकलली. टकटक.

मी म्हटलं, ‘बाबा, दोनच ना?’ मूठ. आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी मान खाली गेली. म्हणजे मी शेडमध्ये नट सोडते, पुन्हा आवळते, तो एवढासा आवाजसुद्धा ते नऊ दिवस ऐकत होते. आपली बोटं किती उरलीत हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. म्हाताऱ्याला फसवायला निघाले होते मी!

शेडमध्ये आले, दार लावलं आणि पोटभर रडले. मग सवयीने ठोकळा लावून बघितला. बरोबर चव्वेचाळीस होते. पकडीला हात न लावता ग्राइंडर चालू केला.